साठा न बाळगणाऱ्या ऑनलाइन कपड्यांच्या दुकानाने कमिशनचा दर कसा ठरवावा

स्वतःकडे माल न ठेवता ऑनलाइन कपडे विकणाऱ्या दुकानाची रचना वरवर पाहता अगदी सोपी असते. कपडा पुरवठादाराच्या गोदामात असतो. दुकान त्याचे फोटो आणि वर्णन मांडते, जाहिरात करते, ग्राहकाकडून पैसे घेते आणि ऑर्डर पुरवठादाराकडे पाठवते. पुरवठादार कपडा रवाना करतो आणि दुकान आपले कमिशन कापून उरलेली रक्कम त्याला देते. न खपलेला माल अंगावर पडण्याची भीती नसल्यामुळे या व्यवसायात तोटा होणे अवघड आहे, असा समज सहज होतो. मग कमिशनचा दरही तशाच सहजपणे ठरतो: इतर दुकाने २० टक्के घेत असतील तर आपण १८ टक्के घ्यावे, म्हणजे पुरवठादार आपल्याकडे येतील. असा दर लावलेले दुकान विक्री वाढत असतानाही तोट्यात जाऊ शकते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. कमिशन मिळते ते ग्राहकाकडे राहिलेल्या कपड्यांवर, पण खर्च होतो तो पाठवलेल्या प्रत्येक कपड्यावर.

हिशेबाकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण त्यातच अनेकांची गल्लत होते. साठा नसलेली दुकाने मुख्यतः दोन प्रकारे चालतात. पहिल्या प्रकारात दुकान पुरवठादाराकडून घाऊक दराने कपडा घेते, त्यावर स्वतःची रक्कम चढवून विकते आणि विक्रीची किंमत स्वतः ठरवते. याला ड्रॉपशिपिंग म्हणतात. दुसऱ्या प्रकारात किंमत पुरवठादार ठरवतो आणि विक्री झाल्यावर दुकान त्या किमतीतला ठरलेला वाटा घेते. खरे कमिशन म्हणतात ते हेच. पहिल्या प्रकारातली टक्केवारी खरेदीच्या किमतीवर मोजली जाते आणि दुसऱ्यातली विक्रीच्या किमतीवर, त्यामुळे दोन्हीकडचे ‘४० टक्के’ सारखे नसतात. १०० ला घेतलेला कपडा ४० टक्के चढवून १४० ला विकला, तर दुकानाचा वाटा विक्रीच्या किमतीच्या २८.६ टक्केच भरतो. उलट विक्रीच्या किमतीतले ४० टक्के हवे असतील, तर खरेदीच्या किमतीवर ६६.७ टक्के चढवावे लागतात. या लेखात कमिशन म्हणजे विक्रीच्या किमतीतला वाटा, असेच धरले आहे.

आता एक उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत; प्रत्येक दुकानाने त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालावेत. कपड्याची विक्री किंमत १००० एकके आहे, मग चलन कोणतेही असो. एक ऑर्डर मिळवण्यासाठी जाहिरातीवर सरासरी ८० खर्च होतात. ग्राहकाने ऑनलाइन पैसे भरल्यावर पेमेंट सेवा २ टक्के, म्हणजे २० कापून घेते. कपडा पोहोचवण्याचा खर्च ६०, तो परत आणण्याचा खर्चही ६०, आणि संकेतस्थळ चालवणे, ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे यासाठी प्रत्येक ऑर्डरमागे १५ लागतात. पाठवण्याचा आणि परत आणण्याचा खर्च सध्या दुकानच सोसते, असे धरू.

१०० ऑर्डर आल्या आणि त्यांपैकी ३० कपडे परत आले. जाहिरातीचे ८०००, पेमेंट सेवेचे २०००, पाठवणीचे ६०००, परत आणण्याचे १८०० आणि इतर १५०० मिळून एकूण खर्च १९,३०० होतो. दुकानदाराने हा खर्च १०० ऑर्डरच्या १,००,००० या रकमेशी ताडून पाहिला, तर तो १९.३ टक्के दिसतो आणि २० टक्के कमिशन पुरेसे आहे असे वाटते. परंतु कमिशन फक्त ७० कपड्यांवर, म्हणजे ७०,००० च्या विक्रीवर मिळते. २० टक्क्यांनी हातात १४,००० पडतात आणि ५३०० चा तोटा होतो. ना नफा ना तोटा या बिंदूवर येण्यासाठी लागणारा दर १९,३०० भागिले ७०,०००, म्हणजे २७.६ टक्के आहे. एकही कपडा परत आला नसता, तर हाच दर १७.५ टक्के असता. या दोन आकड्यांमधले दहा टक्क्यांचे अंतर परत येणाऱ्या कपड्यांनी निर्माण केलेले आहे, आणि दर ठरवताना सर्वांत जास्त दुर्लक्ष नेमके याच अंतराकडे होते.

इतर अनेक वस्तूंच्या तुलनेत कपडे जास्त प्रमाणात परत येतात, आणि त्याची कारणे त्या वस्तूतच आहेत. माप प्रत्येक निर्मात्याचे वेगळे असते, पडद्यावरचा रंग प्रत्यक्षात तसाच दिसेल याची खात्री नसते, कापडाचा स्पर्श फोटोत कळत नाही आणि अंगावर कपडा कसा बसेल हे घालून पाहिल्याशिवाय समजत नाही. काही ग्राहक तर एकाच कपड्याची दोन मापे मागवतात आणि बसेल ते ठेवून दुसरे परत पाठवतात. अशा ग्राहकाची चूक आहे असे मला वाटत नाही, कारण कपडे बदलून पाहायची खोली नसलेल्या दुकानात त्याला दुसरा उपाय नसतो. मात्र त्या दुसऱ्या मापाचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर कमिशनच्या दरात आधीच असायला हवे. मोजे किंवा स्कार्फ यांसारख्या मापाची फारशी अडचण नसलेल्या वस्तू कमी परत येतात, तर अंगासरशी बसणारे पोशाख आणि जीन्स जास्त परत येतात. त्यामुळे सगळ्या प्रकारांना एकच दर लावला की कमी परत येणाऱ्या वस्तूंचा पुरवठादार जास्त परत येणाऱ्या वस्तूंचा खर्च भरत राहतो. अशा वेळी तोच आधी दुकान सोडून जातो आणि मागे नेमक्या महागात पडणाऱ्या वस्तू उरतात.

वरच्या उदाहरणात वाहतुकीचा खर्च दुकानाकडे होता. तो पुरवठादाराकडे दिला, तर दुकानाचा खर्च ११,५०० वर येतो आणि लागणारा दर १६.४ टक्के होतो. म्हणजे २७.६ आणि १६.४ हे दोन दर खर्चाची वाटणी लक्षात घेतली तर एकाच तोलाचे आहेत. एखादे दुकान १७ टक्के घेते आणि दुसरे २८ टक्के, एवढ्यावरून दुसरे महाग ठरत नाही. त्या टक्क्यांत कोणकोणती कामे आणि खर्च सामावले आहेत, हे विचारल्याशिवाय तुलना करताच येत नाही.

किमतीचा परिणाम तर याहून मोठा आहे. वरचे सगळे खर्च आणि परत येण्याचे प्रमाण तेच ठेवून कपड्याची किंमत ३०० धरा. पेमेंट सेवेचा खर्च तेवढा ६०० वर उतरेल. बाकीचे खर्च जागचे हलणार नाहीत, कारण जाहिरात, कुरिअर आणि ग्राहकसेवा यांना कपडा स्वस्त आहे की महाग याच्याशी देणेघेणे नसते. एकूण खर्च १७,९०० आणि टिकलेली विक्री २१,०००, म्हणजे लागणारा दर ८५ टक्के! तोच हिशेब ४००० च्या कपड्यासाठी केला, तर दर सुमारे ९ टक्के येतो. या दुकानाच्या खर्चाचे खरे स्वरूप टक्केवारीचे नाहीच: ग्राहकाकडे राहिलेल्या प्रत्येक कपड्यामागे साधारण २४७ ची ठरावीक रक्कम आणि तिच्यावर किमतीचे जेमतेम ३ टक्के, असे ते आहे. सर्व कपड्यांना सरसकट २५ टक्के लावणारे दुकान स्वस्त कपड्यांवर मोठा तोटा सोसते आणि महाग कपड्यांच्या पुरवठादाराकडून तो भरून काढू पाहते.

म्हणून प्रत्येक विक्रीमागे एक छोटी ठरावीक रक्कम आणि तिच्या जोडीला कमी टक्केवारी, ही मिश्र पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ती समजावून सांगायला थोडी अवघड असली, तरी जिथे खर्च होतो तिथेच तो वसूल करते. ते शक्य नसेल, तर ठरावीक किमतीखालचे कपडे सुटे न विकता दोन-तीनच्या संचात विकावेत किंवा ऑर्डरची किमान रक्कम ठेवावी. एका ऑर्डरमध्ये तीन कपडे गेले की कुरिअर आणि जाहिरातीचा खर्च तिघांत वाटला जातो.

मोठ्या बाजारपेठांचे दर पाहताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अमेझॉनने अमेरिकेत २०२४ च्या जानेवारीपासून स्वस्त कपड्यांवरचे कमिशन १७ टक्क्यांवरून किमतीच्या टप्प्यानुसार ५ आणि १० टक्क्यांवर आणले. आपला वरचा हिशेब सांगतो की स्वस्त कपड्याला टक्केवारी जास्त हवी, आणि इथे तर ती कमी केलेली दिसते. यात विसंगती नाही. तिथे गोदाम, बांधणी आणि पाठवणी यांचे शुल्क विक्रेत्याकडून वेगळे आणि नगाप्रमाणे घेतले जाते, त्यामुळे कमिशनच्या टक्केवारीवर वाहतुकीचे ओझे नसते. ही वेगळी आकारणी न पाहता केवळ ५ टक्क्यांचा आकडा उचलणाऱ्या छोट्या दुकानाची मोठी फसगत होईल.

आतापर्यंत आपण दराचा तळ शोधला. त्याला छतही असते आणि ते पुरवठादाराच्या हिशेबात सापडते. १००० ला विकला जाणारा कपडा तयार करायला त्याला ५५० लागतात असे धरू. परत आलेल्या ३० कपड्यांपैकी ५ डागाळलेले किंवा वापरलेले निघाले आणि पुन्हा विकता आले नाहीत, तर २७५० गेले. विकल्या गेलेल्या ७० कपड्यांवर कमिशन कापण्यापूर्वी त्याला ३१,५०० सुटतात. त्यांतून हे २७५० वजा जाता २८,७५० उरतात. म्हणजे ४१ टक्के कमिशनला त्याच्या हाती शून्य पडते. २८ टक्क्यांना प्रत्येक कपड्यामागे सुमारे १३१ राहतात आणि ३५ टक्क्यांना केवळ ६१. दुकानाला २७.६ च्या वर जायचे आहे आणि पुरवठादाराला ४१ च्या बरेच खाली राहायचे आहे. वाटाघाट जी काही व्हायची ती या पट्ट्यात. हा पट्टाच नसेल, म्हणजे तळ छताच्या वर गेला असेल, तर तो कपडा या पद्धतीने विकण्याजोगा नाही, हे दोघांनीही वेळीच मान्य केलेले बरे.

पुरवठादाराच्या बाजूने आणखी एक आकडा काढण्यासारखा आहे. ज्या किमतीखाली विकले की त्याचा निर्मितीखर्चही निघत नाही, ती किंमत म्हणजे निर्मितीखर्च भागिले कमिशन कापून उरणारा वाटा. २८ टक्क्यांना ती ५५० भागिले ०.७२, म्हणजे सुमारे ७६४ येते. ३५ टक्क्यांना ती ८४६ होते. कमिशन सात टक्क्यांनी वाढले की पुरवठादाराची तळकिंमत ८२ ने वर सरकते. तो गप्प बसून हे सोसत नाही. तो कपड्याची किंमत वाढवतो. किंमत वाढली की ग्राहक कमी होतात, आणि दुकानाने जास्त टक्के घेऊनही एकूण कमाई घटू शकते. साखळीतल्या दोन दुव्यांनी एकमेकांचा विचार न करता आपापला नफा चढवला, तर ग्राहकासाठी किंमत अवाजवी होते आणि त्या दोघांचीही मिळकत एकत्र विचार करून मिळाली असती त्यापेक्षा कमी होते. जोसेफ स्पेंगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये हे स्पष्ट करून दाखवले होते.

कमिशन केवळ पुरवठादाराकडूनच घ्यायचे, असाही नियम नाही. जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल यांनी २००३ मध्ये दोन बाजूंना एकत्र आणणाऱ्या बाजारपेठांचा जो विचार मांडला, त्याचा मुख्य धागा असा आहे की अशा ठिकाणी दोन्ही बाजूंकडून मिळून एकूण किती घेतले, याइतकेच कोणाकडून किती घेतले यालाही महत्त्व असते. ज्या बाजूला शुल्क जास्त बोचते आणि जिच्या येण्याने दुसरी बाजू खेचली जाते, तिच्याकडून कमी घ्यावे. तिरोल यांना २०१४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वापरलेल्या कपड्यांच्या बाजारात विंटेड ही कंपनी विकणाऱ्याकडून काहीच न घेता खरेदीदाराकडून संरक्षण शुल्क, म्हणजे फसवणूक झाल्यास पैसे परत मिळण्याच्या हमीचे शुल्क, घेते. पॉशमार्कचा अनुभव मात्र उलट आहे. बहुतेक विक्रीवर विक्रेत्याकडून २० टक्के घेणाऱ्या या कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विक्रेत्याचा वाटा कमी करून बराच भार खरेदीदारावर टाकला आणि त्याच महिन्यात जुनी पद्धत परत आणली. आधी जी किंमत शेवटची म्हणून दिसत होती, तिच्यात पैसे भरताना शुल्काची भर पडली तर ग्राहक माघार घेतो. तेव्हा खरेदीदाराकडून शुल्क घ्यायचेच असेल, तर दुकान सुरू होताना घ्यावे आणि ते पहिल्याच पानावर दिसेल असे ठेवावे.

दराइतकेच महत्त्वाचे प्रश्न तो कशावर, कधी आणि कोणत्या अटींवर लागू होतो हे असतात. बहुतेक भांडणे टक्क्यांवरून न होता याच गोष्टींवरून होतात. १००० च्या कपड्यावर २० टक्के सूट दिली आणि करारात २८ टक्के कमिशन ‘किमतीवर’ एवढेच लिहिले असेल, तर दुकान २८० कापेल आणि पुरवठादार २२४ योग्य म्हणेल. ८०० च्या प्रत्यक्ष विक्रीवर २८० घेणे म्हणजे ३५ टक्के घेणे होय. सूट दुकानाने आपल्या जाहिरातीसाठी दिली असेल तर ती दुकानाच्या कमिशनमधून जावी, आणि पुरवठादाराने जुना माल काढण्यासाठी दिली असेल तर कमिशन कमी झालेल्या किमतीवर मोजावे, ही वाटणी मला न्याय्य वाटते. कमिशन कर वगळून उरलेल्या रकमेवर मोजावे, हेही लिहून ठेवावे. कराची रक्कम दोघांपैकी कोणाचीच कमाई नसते.

कपडा परत आला तर कमिशन पूर्ण रद्द व्हायला हवे, पण पेमेंट सेवेने कापलेली रक्कम अनेकदा परत मिळत नाही, म्हणून ती कोणाच्या खात्यावर टाकायची ते ठरवावे लागते. परत करण्याची मुदत संपेपर्यंत पुरवठादाराचे पैसे रोखून ठेवणे दुकानासाठी सुरक्षित असते, मात्र त्या काळात पुरवठादाराचे भांडवल अडकते. लहान पुरवठादाराला दोन टक्के कमी कमिशनपेक्षा दोन आठवडे लवकर मिळालेले पैसे जास्त मोलाचे असू शकतात, आणि वाटाघाटीत हे विचारून पाहणारी दुकाने कमीच असतात.

साठा स्वतःकडे नसल्याचा एक खास धोका इथे येतो. दुकानाच्या पानावर कपडा उपलब्ध दिसतो, ग्राहक पैसे भरतो आणि मग कळते की पुरवठादाराकडचे ते माप कालच संपले आहे. ऑर्डर रद्द होते, जाहिरातीचे ८० गेलेले असतात आणि ग्राहक पुन्हा येण्याची शक्यताही कमी होते. अशा रद्द ऑर्डरसाठी पुरवठादाराकडून जाहिरातीच्या खर्चाइतकी भरपाई घ्यावी. ही रक्कम शिक्षा म्हणून वाढवू नये, नाहीतर पुरवठादार भीतीपोटी खरा साठाही दाखवणार नाही.

जास्त विक्री करणाऱ्याला कमी दर देण्याची पद्धत चांगली आहे, पण तिची मांडणी चुकली तर ती आतबट्ट्याची ठरते. समजा १०० नगांपेक्षा कमी विक्रीला ३० टक्के आणि १०० झाले की सर्व नगांवर २५ टक्के. १००० च्या ९९ कपड्यांवर दुकानाला २९,७०० मिळतील आणि शंभरावा कपडा विकला की २५,०००. एका जादा विक्रीने ४७०० कमी झाले. उत्पन्नावरच्या कराचे टप्पे असतात तसे कमी दर फक्त पुढच्या नगांना लावले, की ही दरी उरत नाही.

दरात सवलत द्यायचीच, तर ती परत येणारे कपडे कमी करण्याशी जोडावी, असे मी आग्रहाने सुचवेन. पुरवठादाराने प्रत्येक कपड्याची छाती, कंबर आणि लांबी प्रत्यक्ष मोजून दिली, कापडाचा खरा रंग दिसेल असे दिवसाच्या उजेडातले फोटो दिले आणि परत येण्याचे प्रमाण ३० वरून २० वर आले, तर आपल्या उदाहरणातला तळ २७.६ वरून २३.४ टक्क्यांवर उतरतो. या चार टक्क्यांपैकी दोन पुरवठादाराला दिले, तरी दुकान फायद्यात राहते आणि नको असलेला कपडा परत पाठवण्याचा ग्राहकाचा त्रासही वाचतो.

एकदा ठरवलेला दर कायम राहू शकत नाही, कारण दुकान जुने होते तसा त्याचा खर्च बदलतो. निम्म्या ऑर्डर जाहिरातीशिवाय जुन्या ग्राहकांकडून येऊ लागल्या, तर जाहिरातीचा खर्च ८००० वरून ४००० होतो आणि, परत येणाऱ्या कपड्यांचे प्रमाण तेच राहिले तरी, तळ २१.९ टक्क्यांवर येतो. दर खाली आणणे कोणालाच जड जात नाही. वर नेणे मात्र महागात पडते. हस्तकलेच्या वस्तूंची ऑनलाइन बाजारपेठ असलेल्या एट्सीने विक्रीवरचे शुल्क २०१८ मध्ये ३.५ वरून ५ टक्के केले आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये ६.५ टक्के केले, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आपली दुकाने काही दिवस बंद ठेवून निषेध केला. म्हणून नव्या दुकानाने सुरुवातीला अगदी कमी दर लावून पुरवठादार गोळा करण्याऐवजी खरा दर पहिल्याच दिवशी सांगावा आणि सवलत द्यायची असल्यास ती कोणत्या तारखेला संपेल ते त्याच कागदावर लिहावे. दर तीन महिन्यांनी प्रकारानुसार परत आलेले कपडे, जाहिरातीचा खर्च आणि टिकलेली विक्री यांचे आकडे काढून तळ पुन्हा मोजावा, बदल करायचा असेल तर पुरवठादाराला निदान दोन महिने आधी कळवावे आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या ऑर्डरना, त्यांचा हिशेब नंतर होणार असला तरीही, जुनाच दर लागू राहील असे करारात नमूद करावे.